चाकांवरून तटावर

प्रश्न : मुलगी-जावई इटलीत असतात, मे महिन्यात त्यांच्याकडे जायचंय. पक्षाघातानंतर ह्यांना व्हीलचेअर लागते. तटबंदीचं एखादं जुनं गाव बघायची त्यांची फार इच्छा आहे. मुलगी म्हणते, नको तो त्रास. जमेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : न जमायला काय झालं? तिथल्याच लुक्का या तटबंदीच्या गावाला जा. मीही चाकांवरच फिरते, म्हणून सांगते. तिथला तट १६व्या-१७व्या शतकातला, तोफांच्या काळातला. त्यामुळे तोफगोळे झेलायला आत मातीचा जाडजूड भराव आणि वर रुंद, सपाट रस्ता. दुतर्फा झाडं, चार किलोमीटरची पूर्ण फेरी. वर जायला उतार आहेत. काही जरा चढाचे, तिथे जावयांना कामाला लावा. सायकलवाले मात्र सुसाट येतात, कडेनं चला.

आतलं गाव सपाट आहे, पण फरसबंदीवर पुढची लहान चाकं खडखडतात. रोमन अँफिथिएटरच्या (खुल्या प्रेक्षागाराच्या) पायावर उभ्या घरांचा लंबगोल चौक चुकवू नका. ग्विनिजी मनोऱ्याला नुसत्या पायऱ्या. माथ्यावरची झाडं खालूनही दिसतात.

स्टेशन तटाबाहेर लागूनच. रेल्वेच्या ‘साला ब्लू’ मदतसेवेला आधी कळवा.