खबऱ्या व्हावे की माफीचा साक्षीदार?

अमळनेर तालुक्यातील एका तरुण वाचकाने विचारले आहे : "मित्राच्या सांगण्यावरून मी एका जिनिंग मिलच्या ईमेल खात्यात शिरलो. त्याने बिलावरचा बँक खाते क्रमांक बदलला आणि गाठींचे पैसे भलत्याच खात्यात गेले. थोडा वाटा मलाही मिळाला. आता एक पोलीस अधिकारी म्हणतात, टोळीच्या टेलिग्राम ग्रुपमध्ये राहून माहिती देत जा, दोषारोपपत्रात तुझे नाव येणार नाही. होकार द्यावा का?"

हे आश्वासन लेखी असते तरी फारसा फरक पडला नसता, कारण गुन्ह्यातील साथीदाराला माफी देण्याचा अधिकार पोलिसांना नाहीच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ नुसार तपासाच्या टप्प्यावर ती मुख्य न्यायदंडाधिकारी देतात, आणि तीही संपूर्ण व खरी हकीकत सांगण्याच्या अटीवर. बातमी कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, हे खरे. पण त्याने बातमीचा उगम झाकला जातो, आपल्या हातून घडलेला गुन्हा नव्हे.

येथे कायद्याची एक गंमत आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ खालील (दुसऱ्याच्या संगणकात वा खात्यात विनापरवानगी शिरण्याचा) गुन्हा जामीनपात्र असून त्याला कमाल ३ वर्षांची शिक्षा आहे, म्हणून केवळ तेवढ्यासाठी ही माफी मिळत नाही. मात्र भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८(४) लागले, तर ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेमुळे अजामीनपात्र गुन्ह्यातील अटक आणि माफी असे दोन्ही दरवाजे एकदमच उघडतात. त्यातही माफी स्वीकारणारा आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीत ठेवण्याची तरतूद आहे. म्हणून आधी सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा आणि माफीचा विषय वकिलामार्फत त्यानंतरच काढावा.

अमेरिकेत २०११ साली अटक झालेल्या हेक्टर मोन्सेगुर या हॅकरने एफबीआयला मदत केली आणि २०१४ मध्ये, आधी भोगलेली सात महिन्यांची कैद पुरेशी मानून, त्याची सुटका झाली. पण ती सवलत सरकारी वकिलांच्या विनंतीवरून न्यायाधीशांनी दिली होती. याउलट सीक्रेट सर्व्हिस या तेथीलच तपास यंत्रणेचा खबऱ्या असतानाच बँक कार्डांची माहिती चोरत राहिलेल्या अल्बर्ट गोन्झालेझला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा अधिकाऱ्याच्या तोंडी सांगण्यावरून आपण दुसऱ्या कोणाच्या खात्यात शिरलात, तर तो नवा गुन्हा ठरेल आणि त्याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल.

पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही, परंतु त्यातून एखादी वस्तू वा माहिती हाती लागली, तर तेवढा भाग ग्राह्य धरला जाऊ शकतो. म्हणून पासवर्ड सांगण्यापूर्वी वकिलांशी बोलावे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खालील, पोलिसांपुढे हजर होण्याची नोटीस आल्यास मात्र हजर राहावे. लॅपटॉप फॉरमॅट करू नये, कारण पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. वाट्याची रक्कम खात्यात तशीच ठेवावी, आणि परत करायची झाल्यास ती वकिलामार्फत लेखी पावती घेऊनच करावी, मित्राच्या हाती मुळीच देऊ नये.