गाजलेल्या इतिहासाच्या पुस्तकात चुका सापडल्या, तर बाकीच्या पानांवर विश्वास ठेवायचा का?

तुम्ही विचारलंय की जगाच्या इतिहासावरचं एक गाजलेलं पुस्तक आवडीने वाचून काढलं, मग त्यातल्या तीन-चार गोष्टी खोट्या असल्याचं कळलं. आता उरलेल्या पुस्तकाचं काय करायचं, आणि असली पुस्तकं वाचणंच सोडून द्यायचं का?

सोडू नका. मात्र त्या तीन-चार चुका कोणत्या जातीच्या आहेत हे आधी बघा, कारण सगळ्या चुका सारख्या नसतात.

एखादं साल दोन वर्षांनी हुकलं, राजाच्या भावाला त्याचा मुलगा म्हटलं, नकाशात एखादं गाव भलत्या तीरावर पडलं, याचं मला फारसं वाटत नाही. कुणीतरी कळवतं, पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होते, आणि तोवर वाचकाची एकंदर समजूत काही बिघडत नाही. मला खरा त्रास होतो तो हकिकत रंगावी म्हणून आत शिरलेल्या चुकांचा. त्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या तशाच राहतात, कारण त्या काढल्या तर प्रकरणाचा कणाच निघून जातो.

कोलंबसाचं घ्या. पृथ्वी सपाट आहे, जहाजं कडेवरून खाली पडतील, असं सगळे पंडित सांगत होते आणि एकट्या कोलंबसाला ती गोल असल्याचं ठाऊक होतं, हे अजूनही छापलं जातं. वास्तविक १४९२ च्या कितीतरी आधीपासून युरोपातली शिकलेली माणसं पृथ्वी गोलच मानत होती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने तिचा परीघ मोजून पाहिला होता. तेराव्या शतकात साक्रोबोस्कोने लिहिलेला, गोल पृथ्वीचं वर्णन करणारा ग्रंथ विद्यापीठांत पुढे शतकानुशतकं शिकवला गेला. सपाट पृथ्वीवाल्या पंडितांचा तो प्रसंग लोकांच्या मनात ठसवला तो मुख्यतः वॉशिंग्टन आयर्विंग या अमेरिकी कथालेखकाने, १८२८ साली लिहिलेल्या कोलंबसाच्या चरित्रात.

खरा वाद पृथ्वीच्या आकाराचा नव्हताच, ती केवढी मोठी आहे याचा होता. कॅनरी बेटांपासून पश्चिमेला जपान साधारण साडेचार हजार किलोमीटरवर असेल, असा कोलंबसाचा हिशेब होता. प्रत्यक्षात ते अंतर एकोणीस हजार किलोमीटरच्याही वर भरतं. स्पेनच्या दरबाराने नेमलेल्या जाणकारांनी त्याचा हिशेब अमान्य केला, आणि या मुद्द्यावर त्यांचंच बरोबर होतं. मध्ये एक अख्खं खंड आडवं आलं म्हणून कोलंबस आणि त्याचे खलाशी वाचले. मला तर ही खरी हकिकत बनावट हकिकतीपेक्षा कितीतरी सरस वाटते. चुकीच्या हिशेबावर जिवावर उदार झालेला माणूस, बरोबर हिशेब करून घरी बसलेली शहाणी माणसं, आणि दोघांच्याही स्वप्नात नसलेला भूभाग! पण एकोणिसाव्या शतकातल्या वाचकाला धर्माच्या अंधाराशी झुंजणारा एकटा वीर हवा होता. त्याला तो मिळाला, आणि आपल्याला तो वारशाने आला.

यावरून मी एक खूणगाठ बांधली आहे. पुस्तकातला एखादा प्रसंग लेखकाच्या म्हणण्याला तंतोतंत पुरावा पुरवत असेल, नायक पुरता शहाणा आणि विरोधक पुरते मूर्ख दिसत असतील, तर तिथे थांबते आणि विचारते: हे पहिल्यांदा कुणी लिहिलं, आणि घटनेनंतर किती वर्षांनी?

हाच प्रश्न आकड्यांना विचारला की काय काय निघतं ते पाहण्यासारखं आहे. हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने इराणी सम्राट झर्क्सिसच्या ग्रीसवरच्या स्वारीतल्या माणसांची बेरीज ५२,८३,२२० अशी दिली आहे. आकडा शेवटच्या वीस माणसांपर्यंत नेमका असल्यामुळे तो खरा वाटतो. हान्स डेलब्र्युक या जर्मन इतिहासकाराने साधा विचार केला: एवढं सैन्य रस्त्याने चालू लागलं तर रांग किती लांब होईल? त्याला दिसलं की बिनीची तुकडी ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीशी पोचेल तेव्हा पिछाडीची माणसं जेमतेम इराणातल्या सुसा शहरातून बाहेर पडत असतील. नेमका आकडा आणि खरा आकडा यांचा काही संबंध नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनावर बिंबवून घ्यावं.

युरोपातल्या चेटकिणींच्या छळाचा आकडा तर याहून बोलका आहे. ‘नव्वद लाख बायका जाळल्या’ हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. त्याचा माग काढत मागे गेलं की आपण १७८४ सालच्या जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग या गावी पोचतो. तिथल्या गोटफ्रीड क्रिस्टियान फॉइग्ट या गृहस्थाने गावच्या दप्तरात मिळालेल्या मोजक्या खटल्यांवरून चक्क त्रैराशिक मांडलं. एवढ्याशा गावात एवढ्या वर्षांत इतक्या जणी मारल्या गेल्या, तर सगळ्या युरोपात अकरा शतकांत किती? उत्तर आलं ९४,४२,९९४. छळाची तीव्रता गावागणिक आणि दशकागणिक प्रचंड बदलत होती, कित्येक प्रदेशांत तो जवळजवळ नव्हता, आणि त्या अकरा शतकांपैकी बहुतेक काळात असे सामूहिक खटले झालेच नव्हते. त्रैराशिकाला यातलं काहीच कळत नाही.

पुढे तो आकडा नव्वद लाखांवर गुळगुळीत झाला. एकोणिसाव्या शतकात चर्चच्या टीकाकारांनी आणि स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या लेखिकांनी तो वापरला. विसाव्या शतकात नाझी प्रचाराने वापरला, आणि त्यानंतर १९७० च्या दशकातल्या स्त्रीवादी लेखनात तो पुन्हा आला. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या पक्षांना तोच आकडा सोयीचा वाटला, आणि प्रत्येकाने आधीच्या पुस्तकावर विसंबून तो पुढे सरकवला. न्यायालयांची कागदपत्रं प्रदेशवार तपासणारे अभ्यासक आज साधारण चाळीस ते साठ हजार देहदंड धरतात, आणि त्यांत पुरुषही होते. हे सांगितलं की काही लोक रागावतात. छळ झालाच नाही असं म्हणायचंय का, असं विचारतात. पन्नास हजार निरपराध माणसांना मारणं हे पुरेसं भयंकर आहे. त्या माणसांची खरी मोजदाद करणं हाच त्यांचा मान आहे, आणि त्यांच्यावर लाखोंच्या खोट्या सावल्या पाडल्या की खरी माणसंच दिसेनाशी होतात.

आता ज्या चुकीने मला सर्वांत जास्त वाईट वाटतं तिच्याबद्दल. रापा नुई, म्हणजे ईस्टर बेट. पॅसिफिक महासागरातल्या या एकाकी बेटावर प्रचंड दगडी पुतळे आहेत. कितीतरी पुस्तकांत हकिकत अशी येते: बेटवासीयांनी पुतळ्यांच्या नादात झाडं तोडली, जमीन धुपली, उपासमार झाली, आपसांत लढाया पेटल्या, माणसं माणसांना खाऊ लागली, आणि १७२२ साली डच दर्यावर्दी रोखेव्हेन तिथे उतरला त्याच्या आधीच तो समाज स्वतःच्या हाताने संपला होता. २००५ साली आलेल्या एका अतिशय खपलेल्या पुस्तकाने हे जगभर पोचवलं. पर्यावरणाच्या नाशाबद्दल आज माणसाला जे सांगायचं आहे ते सांगायला ही कथा इतकी चपखल बसते, की ती तपासायची कुणाला इच्छाच होत नाही.

तिच्यात खरं काय आहे? ताडांची राई नाहीशी झाली हे खरं. माणसांनी झाडं तोडली आणि जाळली, शिवाय त्यांच्याबरोबर आलेल्या उंदरांनी ताडांची फळं कुरतडली, तशा दातांच्या खुणा असलेली फळं उत्खननात मिळाली आहेत. पण राई गेली म्हणजे लोकही संपले, हा पुढचा धागा तिथे आपसूक निघत नाही. दगड पसरून ओलावा धरणारी शेती करून तिथली माणसं जगत होती. २०२४ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात असलेल्या पंधरा जुन्या बेटवासीयांच्या अवशेषांतल्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सतराव्या शतकात लोकसंख्या एकदम कोसळली असती तर तिच्या खुणा त्या जनुकांत दिसायला हव्या होत्या. त्या दिसल्या नाहीत. उलट १८६० च्या दशकापर्यंत वस्ती हळूहळू वाढतच असल्याचं दिसलं.

आणि १८६० च्या दशकात काय झालं? पेरूहून गुलाम पकडणारी जहाजं आली. १८६२-६३ मध्ये सुमारे दीड हजार माणसं धरून नेली. त्यांतली बहुतेक मेली; जी थोडी परत आली त्यांच्याबरोबर देवीची साथ आली, आणि तिने मागे राहिलेल्यांना गाठलं. १८७७ साली बेटावर १११ माणसं उरली होती. म्हणजे ज्यांना पळवून नेलं, रोगांनी मारलं, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांना जगाने सांगितलं की तुमच्या पूर्वजांनी मूर्खपणाने स्वतःचा घात केला. ही चूक नुसती सनावळीची नाही. तिने आरोपी बदलला.

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या तोंडी घातलेल्या ‘पाव नसेल तर केक खा’ या वाक्याला वर म्हटलेला प्रश्न विचारला की ते दोन मिनिटांत निकालात निघतं: रूसो या तत्त्वज्ञाच्या आत्मकथनात ते एका निनावी राजकन्येच्या नावावर आहे, आणि त्याने तो भाग लिहिला तेव्हा मारी व्हिएन्नात राहणारी लहान मुलगी होती. व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांवरची शिंगं १८७६ च्या वाग्नरच्या संगीतनाटकांतल्या पोशाखांतून सर्वत्र पोचली. १९४३ साली नॉर्वेत सापडलेल्या त्या काळच्या शिरस्त्राणाला शिंगं नाहीत.

मेकॉलेच्या नावावर फिरणाऱ्या उताऱ्यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण तो आपल्याकडे पुस्तकांतही छापला जातो. ‘मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदला’ अशा आशयाचं ते भाषण, आणि त्याखाली तारीख २ फेब्रुवारी १८३५, ठिकाण ब्रिटिश संसद. मेकॉले १८३४ च्या मध्यालाच हिंदुस्थानात आला होता, आणि त्या दिवशी तो कलकत्त्यात होता. त्या तारखेचा त्याचा एक अस्सल दस्तऐवज आहे, शिक्षणावरचं प्रसिद्ध टिपण. त्यात त्याने लिहिलंय की युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाचं एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या वाङ्मयाच्या तोडीचं आहे. त्याचा अहंकार दाखवायला हे अस्सल वाक्य असताना बनावट उताऱ्याची गरज कुणाला का पडावी, हे मला कळत नाही. बनावट पुरावा उघडा पडला की खरी तक्रारही संशयात जाते, हे त्यातलं मोठं नुकसान.

तुम्ही ‘लोकप्रिय’ लेखकांनाच दोष देऊ नका, असंही मला सुचवायचंय. १९८३ मध्ये हिटलरच्या रोजनिशा म्हणून वह्या पुढे आल्या तेव्हा ह्यू ट्रेव्हर-रोपरसारख्या नामवंत इतिहासकाराने आरंभी त्या खऱ्या मानल्या. कागद आणि शाई तपासल्यावर त्या युद्धानंतरच्या निघाल्या. फरक इतकाच की तिथे तपासणी झाली आणि काही दिवसांत निकाल लागला. लोकप्रिय पुस्तकाला असं कुणी तपासत बसत नाही. शिवाय पाच हजार वर्षं चारशे पानांत बसवणारा लेखक बहुतेक प्रकरणांत दुसऱ्यांच्या पुस्तकांवरच चालतो, आणि ती पुस्तकं कधीकधी तीस-चाळीस वर्षं जुनी असतात. रापा नुईचं तेच झालं: अभ्यास पुढे गेला, पुस्तकं तिथेच राहिली.

म्हणून मी नवं पुस्तक मागच्या बाजूने उघडते. टिपा आहेत का, आणि त्यांत त्या काळच्या कागदपत्रांचा आधार किती, इतर लोकप्रिय पुस्तकांचा किती, हे दहा मिनिटांत कळतं. संस्कृत काव्यांचा भाष्यकार मल्लिनाथ याने भाष्य लिहिताना ‘नामूलं लिख्यते किंचित्’ असं बजावून ठेवलंय. निराधार काही लिहिणार नाही, हे वचन इतिहास लिहिणाऱ्याकडूनही मला हवं असतं. मग मी स्वतःला सगळ्यात जास्त माहीत असलेला विषय त्या पुस्तकात शोधते आणि तेवढाच भाग वाचते. तिथे लेखकाने घाई केली असेल तर मला अनोळखी असलेल्या प्रकरणांतही त्याने ती केली असणार. लढाईच्या आदल्या रात्री सेनापतीच्या मनात काय चाललं होतं हे तो छातीठोकपणे सांगतो का, तेही बघते. ‘बहुधा’, ‘असावं’, ‘याबद्दल मतभेद आहेत’ हे शब्द ज्याच्या लेखणीला जड जात नाहीत, त्याच्यावर माझा जास्त भरवसा बसतो.

तुमच्या हातातल्या पुस्तकाबाबत असं करा: सापडलेल्या चुका खोडून तेच प्रकरण पुन्हा वाचा. लेखकाचं म्हणणं तरीही उभं राहत असेल तर पुस्तक ठेवा, आणि चुका पान क्रमांकासह प्रकाशकाला कळवा. म्हणणं कोसळत असेल, तर त्या विषयावर तिथल्या कागदपत्रांत आयुष्य घालवलेल्या एखाद्या अभ्यासकाचं पुस्तक शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. त्या तीन-चार गोष्टी कोणत्या होत्या हे इथे लिहिलंत तर त्यांतल्या मला माहीत असलेल्यांचा माग मी नक्की सांगेन.