निफ्टी आणि वीजवापर यांच्यात ०.९१ इतका सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण जुळणी) आढळला, तर त्यावर पैसे लावावेत का?

एवढ्यावरून तरी लावू नयेत. निफ्टीचे १२ वर्षांचे महिनाअखेरचे बंद भाव आपण आकड्यांच्या सुमारे २०० मालिकांशी ताडून पाहिले आणि त्यांतली सर्वांत जुळणारी, म्हणजे राज्याच्या मासिक वीजवापराची मालिका निवडली, असे आपण लिहिले आहे. खरी गोम तिथेच आहे.

निफ्टी आणि वीजवापर दोन्ही वर्षानुवर्षे वाढत आले आहेत, आणि दोन चढत्या रेषांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नसला तरी सहसंबंध मोठाच येतो. संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी १९२६ मध्येच दाखवले होते की, १८६६ ते १९११ या काळात इंग्लंड-वेल्समधला मृत्युदर आणि एकूण विवाहांपैकी चर्च ऑफ इंग्लंडमध्ये होणाऱ्या विवाहांचे प्रमाण यांच्यात ०.९५ सहसंबंध दिसतो. दोन्ही घटत होते, एवढेच. खरे तर दोन्ही रेषा सतत चढत्या किंवा उतरत्या असाव्या लागतात असेही नाही. एक्सेलच्या दोन स्तंभांत उणे अर्धा ते अधिक अर्धा यांमधले १४४ यादृच्छिक आकडे घ्या, त्यांची चालती बेरीज (प्रत्येक ओळीपर्यंतची एकूण) करा, त्या दोन बेरजांचा सहसंबंध काढा आणि नवे आकडे येण्यासाठी एफ९ दाबत राहा, कधी ०.७, कधी उणे ०.६ असे आकडे सहज दिसतील. मी हे प्रथम केले तेव्हा सूत्र चुकले असे वाटून तीनदा तपासले होते.

दुसरे असे की, ५ टक्क्यांची कसोटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असावी ही अट, योग्य रीतीने लावली तरी २०० निरर्थक मालिकांपैकी सरासरी १० निव्वळ योगायोगाने पास होतात. गुंतवणूक-संशोधक डेव्हिड लाइनवेबर यांनी थट्टेने बांगलादेशातल्या लोण्याच्या उत्पादनावरून अमेरिकी शेअर बाजाराच्या एस अँड पी ५०० निर्देशांकातली सुमारे ७५ टक्के हालचाल ‘स्पष्ट’ केली. अमेरिकी चीज आणि मग मेंढ्यांची संख्या जोडल्यावर ती ९९ टक्क्यांवर गेली. थट्टा न कळलेले लोक नंतर त्यांच्याकडे लोण्याचे ताजे आकडे मागत राहिले, हे मला अधिक बोलके वाटते.

आपण मूळ आकड्यांऐवजी मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून टक्केवारीतला बदल काढावा, म्हणजे उन्हाळ्याची वाढही वगळली जाईल, आणि शेवटची तीन वर्षे बाजूला ठेवून आधीच्या नऊ वर्षांवरच मालिका पुन्हा निवडावी आणि ती त्या तीन वर्षांतही जुळते का ते तपासावे. शिवाय हेही पाहावे, की ज्या दिवशी सौदा करायचा त्या दिवशी त्या महिन्याचा वीजवापर जाहीर झालेला तरी असतो का.