‘गुळगुळीत स्नायू’ म्हणावं का?

त्वचेवरच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करणाऱ्या ताईंनी विचारलंय, ‘स्मूथ मसल प्रोटीन्स’ला काय म्हणायचं? त्यांचं वाक्य: ‘सामान्य त्वचेच्या ऊतींमध्ये गुळगुळीत स्नायू प्रथिने आढळतात.’

गुळगुळीत नकोच. गुळगुळीत असतो नदीतला गोटा, नाहीतर ताजी हजामत. इथला ‘स्मूथ’ हाताला लागत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. दंडाच्या स्नायूत अ‍ॅक्टिन आणि मायोसिन ही प्रथिनं कवायतीच्या मुलांसारखी रांगेत उभी असतात, म्हणून आडवे पट्टे दिसतात. आतड्याच्या, रक्तवाहिन्यांच्या किंवा त्वचेतल्या स्नायूंत याच घराण्यातली प्रथिनं असतात, पण अशा रांगा नसतात. त्यामुळे पट्टेही नाहीत. म्हणून ‘अरेखित स्नायू’. ‘अनैच्छिक’ हा शब्द ओळखीचा खरा, पण फसवा आहे. हृदयाचा स्नायूही आपलं ऐकत नाही, पण त्याला पट्टे असतात.

शब्द जोडून लिहिला की ‘स्नायू’तला ऊ ऱ्हस्व होतो: स्नायुप्रथिने. तोडून लिहिलंत तर गुळगुळीत स्नायू आहे की प्रथिनं, हेच वाचणाऱ्याला कळत नाही. जाता जाता एक गंमत: सुश्रुतानं शरीरात ९०० स्नायू आणि ५०० पेशी मोजल्या आहेत. त्याचे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतू आणि पेशी म्हणजे आपण ज्यांना आज स्नायू म्हणतो ते. हिंदीनं तो अर्थ ठेवला, आपण ‘पेशी’ हा शब्द ‘सेल’ला देऊन टाकला. हिंदी मजकूर समोर ठेवून भाषांतर करत असाल तर इथे घात होतो.

आता ‘सामान्य’. इथे ‘निरोगी’ लिहा, कारण मुद्दाच तो आहे. जखम भरताना तिथल्या काही तंतुजनक पेशी अरेखित स्नायूंतलं अ‍ॅक्टिन बनवू लागतात आणि जखमेच्या कडा आत ओढतात. निरोगी त्वचेत हे प्रथिन रक्तवाहिन्यांच्या भिंतींत सापडतं, घामाच्या ग्रंथींभोवतीच्या पेशींत सापडतं (त्या स्नायूच्या नव्हेत, तरीही!) आणि केसाच्या मुळाशी तिरक्या बसलेल्या इवल्याशा स्नायूतही सापडतं.

हा शेवटचा स्नायू आखडला की केस उभा राहतो आणि अंगावर काटा येतो. माहितीपत्रकात त्याचं नाव आलंच तर मी बिनदिक्कत ‘रोमहर्षक स्नायू’ लिहीन. क्रिकेटच्या सामन्यांनी तो शब्द पार झिजवलाय, पण संस्कृतात ‘हृष्’चा एक जुना अर्थ केस ताठ उभे राहणं हाच आहे, आनंद हा त्याचा दुसरा अर्थ.

तर ताई, वाक्य असं करा: ‘निरोगी त्वचेच्या अनेक ऊतींमध्ये अरेखित स्नायूंतली प्रथिने आढळतात.’ पहिल्यांदा ‘अरेखित’ येईल तिथे ‘म्हणजे पट्टे नसलेले’ एवढं जोडलंत की काम झालं.