शोमरोनी लोकांनी तोराह बदलली हा ज्यूंचा आरोप खरा आहे का? दोघांची अर्थ लावण्याची रीत वेगळी कशी?

तुमचा प्रश्न आमच्या घरात कित्येक वर्षं पेटता आहे, म्हणून उत्तर जरा तिखट होणार. शोमरोनी म्हणजे समारिटन, तोराह म्हणजे मोशेची पाच पुस्तकं; ती दोघांकडेही आहेत, पण प्रती वेगळ्या. आधी थोडक्यात सांगते. एका ठिकाणी त्यांनी पदरचं घातलंय हे नक्की. एका ठिकाणी बहुधा आम्ही हात फिरवलाय. बाकी फरक हजारोंनी मोजतात, पण त्यांतले बहुतेक ऱ्हस्वदीर्घाच्या पातळीचे. 'आम्ही' म्हणजे ज्यू. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, माहेर रेवदंड्याचं, लग्नानंतर इस्राएलात लोदला आले.

होलोनची एक शोमरोनी बाई माझ्याबरोबर नोकरीला होती. उभ्या जगात हे लोक हजाराच्या आत. निम्मे होलोनला, निम्मे नाब्लुसजवळ गरिज्जीम डोंगरावर. एका वर्षी तिने सुक्कोतला, म्हणजे मांडवांच्या सणाला, घरी बोलावलं. त्यांचं पंचांग वेगळं, त्या वर्षी त्यांचा सण आमच्यानंतर महिन्याने आला होता. मी, हे, मुलं आणि माझे धाकटे दीर असे गेलो. भाऊजी येशिवात, म्हणजे धर्मग्रंथांच्या पाठशाळेत, शिकून आलेले, त्यामुळे धर्माच्या बाबतीत घरात शेवटचा शब्द आपला, असं ते धरून चालतात.

दिवाणखान्यात शिरलो तर डोक्यावर फळंच फळं. लोखंडी सांगाडा, त्यावर खजुरीच्या झावळ्या, आणि खाली डाळिंबं, सफरचंदं, संत्री, लिंबं इतकी दाटीने टांगलेली की झावळी दिसू नये. तळकोकणात गणपतीवर माटवी बांधतात ना, तीच अख्ख्या खोलीभर पसरली आहे असं समजा. शेकडो किलो फळ असतं म्हणे. मुलं आ वासून बघत राहिली.

भाऊजी उंबऱ्यातच थांबले. "वहिनी, छपराखाली सुक्का होते का?" मराठीत विचारलं, पण तोंडावरचा भाव कुठल्याही भाषेत कळला असता. आमच्या मिश्नाप्रमाणे, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) जुन्या नियमग्रंथाप्रमाणे, सुक्का, म्हणजे सणाचा मांडव, उघड्या आकाशाखालीच हवी, झाडाखाली बांधलेलीसुद्धा बाद. घरातले आजोबा हसले. बायझंटाइन राजांच्या काळात बाहेर बांधली की छळ व्हायचा, म्हणून वाडवडिलांनी ती आत आणली, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनीच उलटा प्रश्न टाकला: तोराहत चार प्रकारची झाडं 'घ्या' म्हटलंय, ती हातात धरून हलवा असं कुठे म्हटलंय?

ओळ तोराहतल्या लेवीय या पुस्तकातली, २३:४० ची. आम्ही त्यातून लुलाव (खजुरीची झावळी) आणि एत्रोग (लिंबासारखं फळ) हातात धरायचा विधी काढला, त्यांनी त्याच झाडाफळांचं छत केलं. आता गंमत बघा. शोमरोनी मोशेच्या पाच पुस्तकांपलीकडे काहीच मानत नाहीत, नहेम्याचं पुस्तक त्यांच्या लेखी नाहीच. पण आमच्या नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोक डोंगरावरून फांद्या आणतात आणि 'लिहिल्याप्रमाणे' त्यांचे मांडव घालतात! तल्मूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, रब्बी यहुदा तर म्हणतात की सुक्का त्या चार प्रकारांचीच हवी. रब्बी मेईर नको म्हणतात आणि शेवटी त्यांचं चालतं, ती गोष्ट वेगळी. म्हणजे आजोबांची बाजू आमच्याच ग्रंथात बसलेली होती. मी हे तिथल्या तिथे बोलले. भाऊजींनी ऐकलं, पण फळाला हात लावला नाही, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. गाडीत बसल्याबरोबर सुरू: "कुती आहेत ते. तोराह बदलणारे लोक."

कुती म्हणजे कुथाहून आणलेले. २ राजे, १७ व्या अध्यायात अश्शूरच्या राजाने परके लोक आणून शोमरोनात वसवले ती हकिकत आहे, तिच्यावरून ठेवलेलं हे नाव. मला ते झोंबलं. कारण १९६० च्या दशकात हेच आमच्याबद्दल बोललं जात होतं. कोकणातून आलेले हे लोक खरे ज्यू कशावरून, लग्न लावण्याआधी यांच्या पिढ्या तपासा, असे आदेश निघाले होते. माझे सासरे, म्हणजे भाऊजींचे सख्खे वडील, जेरुसलेममध्ये धरण्याला बसले होते. १९६४ साली क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्राएलच्या संसदेत, बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर झालं तेव्हा कुठे ते थांबलं. आमचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली. शेमा ही प्रार्थना, सुंता, खाण्याचे नियम एवढं त्यांनी जपलं, तल्मूद त्यांना ठाऊक नव्हता. त्यांच्या नातवाने दुसऱ्याला कुती म्हणावं?

असो. आरोपाकडे वळते. तो तल्मूदमध्येच आहे, सोता ग्रंथात, पान ३३. रब्बी एलाझार बेन योसे शोमरोन्यांना म्हणतात, तुम्ही तोराहत फेरफार केलात आणि पदरात काही पडलं नाही. फेरफार कोणता? तोराहच्या अनुवाद या पाचव्या पुस्तकात, ११:३० मध्ये, गरिज्जीम आणि एबाल हे डोंगर मोरेच्या झाडांजवळ आहेत एवढंच आमच्याकडे आहे, त्यांच्याकडे पुढे 'शखेमसमोर' (शखेम हे गरिज्जीमजवळचं जुनं शहर) असं जास्तीचं आहे. रब्बी सांगतात, ते शखेमच आहे हे आम्हीही मानतो! उत्पत्ती १२:६ मध्ये मोरेचं झाड शखेमजवळ आहे, दोन्हीकडे तोच उल्लेख, म्हणून जागाही तीच. या युक्तीला गझेरा शावा म्हणतात.

माझ्या मते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात आलं. दोघांनी तीच दोन वचनं शेजारी ठेवली आणि तोच निष्कर्ष काढला. रब्बींनी तो टीकेत ठेवला, शोमरोन्यांच्या पोथीत तो ओळीतच उतरला. त्या काळी ही रीत एकट्या शोमरोन्यांची होती असंही नाही. १९५२ साली मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत निर्गम या तोराहच्या दुसऱ्या पुस्तकाची एक जुन्या इब्री लिपीतली गुंडाळी सापडली, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासची. तिच्यात शोमरोनी पोथीतली मोठी भर जवळजवळ सगळी आहे, म्हणजे अनुवादमधला मजकूर निर्गममध्ये आणून बसवणं, देवाने मोशेला सांगितलेलं फारोसमोर पुन्हा वदवणं वगैरे. ती गुंडाळी ज्यूंच्या वापरातली. तेव्हा या भरीला 'शोमरोन्यांची लबाडी' म्हणणं आता बंद करावं.

एक गोष्ट त्या गुंडाळीत नाही: शोमरोन्यांची दहावी आज्ञा. गरिज्जीमवर वेदी बांधा असं ती सांगते. मजकूर अनुवाद ११ आणि २७ मधून उचललेला आहे, पण दहा आज्ञांत तो त्यांनीच घातला. हे मी माझ्या मैत्रिणीलाही तोंडावर सांगितलंय, ती अर्थातच मानत नाही. उलट अनुवाद २७:४ बघा. आमच्या प्रतीत वेदी एबालवर बांधायची आहे, आणि त्याच अध्यायात एबाल हा शापाचा डोंगर, आशीर्वादाचा गरिज्जीम! शापाच्या डोंगरावर वेदी कोण बांधेल? जुन्या लॅटिन भाषांतराच्या लिओंच्या हस्तलिखितात, ज्याचा शोमरोन्यांशी काही संबंध नाही, तिथे गरिज्जीमच आहे. बऱ्याच अभ्यासकांना आता तोच मूळ पाठ वाटतो. मलाही.

आता एक राहिलं, नाहीतर वाटेल की रब्बी ओढूनताणून अर्थ काढतात आणि शोमरोनी अक्षराला चिकटतात. कधी तसं असतंही. निर्गम ३५:३ मध्ये शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घरात विस्तव पेटवू नका म्हटलंय. आम्ही सूर्यास्ताआधी दिवा लावून ठेवतो, ते शब्बाथला घरात ज्योतच ठेवत नाहीत. 'शब्बाथच्या दुसऱ्या दिवसापासून' पन्नास दिवस मोजा, यातला शब्बाथ म्हणजे शनिवारच असं ते धरतात, म्हणून त्यांचा शावुओत, म्हणजे त्या पन्नासाव्या दिवसाचा सण, नेहमी रविवारी येतो. पण अनुवाद ६:८ मध्ये ही वचनं हाताला बांधा म्हटलंय. तिथे चामड्याचं तेफिलीन खरोखर दंडाला बांधणारे आम्ही, आणि ते मनात ठेवायला सांगितलंय असा अर्थ करणारे शोमरोनी. चौथ्या शतकातल्या मार्के या त्यांच्या पंडिताची टीकाही कोरडी शब्दार्थाची नाही. मी स्वतः पंडित नाही, इब्री बरी येते, अरामी शब्दकोश धरून.

कोणाशी यावर वाद घालायची वेळ आली तर रब्बींचीच साक्ष काढा. रब्बान शिमोन बेन गम्लिएल म्हणतात, कुतींनी जी आज्ञा धरली ती ते इस्राएलपेक्षा काटेकोर पाळतात. त्यांच्या हातचा मात्झा (बेखमीर भाकरी) पेसाखच्या सणाला चालतो, असंही लिहिलंय. पुढे रब्बींनी त्यांना परक्यांत काढलं हे खरं, पण ते नंतर.

भाऊजी हे वाचणार, कुणीतरी पाठवेलच. तर भाऊजी, मसेखेत कुतीम या कुतींवरच्या छोट्या ग्रंथाचा शेवट काढा. यांना परत केव्हा घ्यायचं, असा तिथे प्रश्न आहे. उत्तर: गरिज्जीम सोडतील, जेरुसलेम आणि मेलेल्यांचं पुन्हा उठणं मान्य करतील तेव्हा. तोराह बदलल्याचं नावसुद्धा त्या यादीत नाही. आणि मेलेले उठणार हे तर शोमरोनी कित्येक शतकं मानत आलेत.