कारच्या एसीत घरीच गॅस भरता येईल का?

भरता येतो भाऊ, पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. बोनेट उघडून पाइपांचे जोड नीट पाहा. तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर गळती बहुतेक तिथेच. ती न काढता भरलेला गॅस पुन्हा उडून जाणार.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे बऱ्याचदा गॅसचा दोषच नसतो. कापसाच्या हंगामात जिनिंगसमोरून (कापसातली सरकी काढायचा कारखाना) ये-जा करून माझ्या गाडीचा कंडेन्सर, म्हणजे गाडीच्या पुढची एसीची जाळी, तंतूंनी पार बुजला होता. पाण्याच्या हलक्या धारेने धुतला आणि गारवा परत आला. आधी हे करा.

तरी भरायचाच असेल तर बोनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि वजन बघा. आर-१३४ए असेल तर इंजिन आणि एसी चालू ठेवून, गॅसचा डबा उभा धरून, फक्त लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या जाड पाइपाला जोडा. हाय साइडला, म्हणजे जास्त दाबाच्या बारीक पाइपाला चुकूनही नाही, डबा फुटू शकतो. हा गॅस उणे २६ अंशाला उकळतो, हाताला लागला की कातडी गोठते. हातमोजे, चष्मा घालाच.

सिस्टीम पूर्ण रिकामी असेल तर घरी नकोच. व्हॅक्यूम पंपाने हवा आणि ओल काढावी लागते, त्यासाठी सरळ यवतमाळसारख्या शहरातलं एसीचं गॅरेज गाठा.