एटीव्हीचा बेल्ट वारंवार का जळतो?

प्रश्न : दापोलीजवळ आमची आंबा-नारळाची बाग आहे. खताची पोती आणि नारळ चढउताराच्या वाटेने नेण्यासाठी आम्ही एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालणारी छोटी चारचाकी) घेऊन तिला छोटी ट्रॉली जोडली. एकाच हंगामात, इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा तिचा रबरी बेल्ट दोनदा बदलावा लागला. आता नवा बेल्टही गाडी सुटताना ठरावीक अंतराने धक्के देतो आणि चढावर रबर जळल्याचा वास येतो. अधिक महागाचा बेल्ट घालावा का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : महागाचा बेल्ट इतक्यात घेऊ नये. आधी क्लचचे कव्हर उघडून सध्याचा बेल्ट काढावा आणि उजेडात धरून त्याच्या दोन्ही कडा पूर्ण वेढाभर न्याहाळाव्यात. तुमच्या वर्णनावरून, एखाद्या जागी तो कंबरेसारखा आत झिजलेला आढळेल, असे मला वाटते. चाके रुतलेली असताना किंवा ओझ्यामुळे गाडी जागची हलत नसताना रेस देत राहिले, की बेल्टच्या दोन पुलींपैकी इंजिनाकडची फिरते, मागची थांबलेली राहते आणि बेल्टचा एकच भाग घासून जळतो. पुढे तो भाग पुलीत आला की दर फेरीला धक्का बसतो. असा बेल्ट बदलावाच लागतो.

गिअरलेस स्कूटरमध्येही असाच बेल्ट असतो. मात्र तिथे गाडी सुटताना थोडे घसरत हळूहळू जोर देण्याचे काम वेगळा क्लच करतो. अनेक एटीव्हींत ते बेल्टलाच करावे लागते. त्यामुळे स्कूटरच्या सवयीने हलकी रेस देत गाडी चढावर तोलून धरणे इथे फार महागात पडते. चढावर थांबायचे तर ब्रेकच लावावा. ट्रॉली ओढताना, चिखलात आणि चालण्याच्या वेगाने बराच वेळ जाताना लो गिअरच ठेवावा, आणि तो गाडी पूर्ण थांबवूनच टाकावा. बागेतल्या कामाला हाय गिअर क्वचितच लागतो.

कडा काचेसारख्या चकचकीत असतील, तर बेल्ट सतत घसरतो आहे. त्यावर तेलाचा ओशटपणा असेल, तर आधी गळणारे ऑइल सील बदलावे. कडेचे धागे सुटले असतील, तर पुली एका रेषेत आहेत का आणि इंजिनाला चौकटीशी धरून ठेवणारे माउंट सैल झाले आहेत का, हे पाहावे. हवा खेळवणाऱ्या नळ्यांत गवत किंवा चिखल अडकला, की कव्हरच्या आत उष्णता कोंडते. कोकणच्या पावसात आत पाणी गेले, तर तळाचे बूच काढून पाणी सोडावे आणि न्यूट्रलमध्ये रेस देऊन बेल्ट वाळवावा.

नवा बेल्ट घालताना जुन्याचे तुकडे आणि धागे पुलींच्या मागूनही काढावेत, पुलींचे पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसावेत आणि बेल्टवरचा बाण फिरण्याच्या दिशेला ठेवावा. त्यानंतर सुमारे 80 किलोमीटर ट्रॉली न जोडता, पूर्ण रेस न देता गाडी चालवावी.